आधी हवा मोजा

भिलाईच्या पोलाद कारखान्यात ज्यांचा जन्म गॅसच्या पाइपलाइनींवर गेला, त्यांना यंत्रावरचा आकडा दिसला की ते आधी यंत्राकडे बघतात, मग आकड्याकडे. मामा त्यांतले. गॅस सेफ्टीचे काम करून निवृत्त झाले, अजून कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टरमधल्याच घरात राहतात. त्यांची भाची द्विमितीय पदार्थांवर संशोधन करते. द्विमितीय पदार्थ म्हणजे एका किंवा मोजक्या अणूंएवढ्या जाडीचे पापुद्रे. श्वासातले वायू या पापुद्र्यांना ओळखता येतील आणि त्यावरून आजार कळेल, असे तिचे म्हणणे. मामांना ते पटत नाही. त्यांचा वाद मी इथे मांडतो आहे, कारण या विषयावर बोलायला नेहमी भाचीला बोलावतात. वायू मोजण्यात ज्यांनी वर्षे घालवली, त्या मामांना कुणी काही विचारत नाही. आणि माझ्या मते या संशोधनाचे भवितव्य बरेचसे मामांच्या प्रश्नांवर ठरणार आहे.

भाची : मामा, ऑक्सिजन आत आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर, एवढेच शाळेत शिकवतात. १९७१ मध्ये लायनस पाउलिंग यांनी माणसाचा श्वास थंड नळीत गोठवून तपासला, तर त्यात अडीचशेच्या आसपास संयुगे निघाली. आता निरोगी माणसांच्या श्वासातली यादी चौदाशेच्या पुढे गेली आहे. शरीरात काही बिनसले की यांतल्या काहींचे प्रमाण हलते. इन्सुलिन कमी पडले की यकृतात चरबीपासून कीटोन बनतात आणि श्वासात ॲसिटोन वाढतो. मूत्रपिंड थकले की अमोनिया. दम्यात श्वासनलिकांना सूज आली की नायट्रिक ऑक्साइड. सुई नको, रक्त नको, एक फुंकर मारायची.

मामा : प्रमाण सांग.

भाची : ॲसिटोन निरोगी माणसात साधारण ३०० ते ९०० पीपीबी. हवेच्या एक अब्ज रेणूंत इतके.

मामा : आम्ही पीपीएममध्ये बोलायचो, दहा लाखांत किती. ब्लास्ट फर्नेसच्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड वीस-पंचवीस टक्के, म्हणजे दोन लाख पीपीएमच्या वर. कारखाने कायद्याच्या परिशिष्टात आठ तासांच्या पाळीची मर्यादा ५० होती. या दोन आकड्यांच्या मधे आमचा सगळा संसार. तू त्या ५०च्याही शंभरपट खाली जाऊन मोजणार म्हणतेस.

भाची : म्हणून तर द्विमितीय पदार्थ. टिन ऑक्साइडचे जुने सेन्सर दोनशे-चारशे अंशांना तापवावे लागतात, आणि त्यांच्या कणांची फक्त वरची कातडी वायूला भेटते. ग्राफिन घ्या. २००४ मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी ग्रॅफाइटवरून चिकटपट्टीने एकच थर सोलून काढला. जाडी ०.३४ नॅनोमीटर. त्यात आतले आणि बाहेरचे असे काही उरतच नाही, प्रत्येक अणू पृष्ठभागावर. एका ग्रॅमचे क्षेत्रफळ गणिताने २,६३० चौरस मीटर भरते. वायूचा रेणू येऊन बसतो, एखादा इलेक्ट्रॉन देतो किंवा घेतो, आणि पापुद्र्याची वाहकता बदलते. तेही खोलीच्या तापमानाला, नगण्य विजेत. २००७ मध्ये त्याच गटाने नायट्रोजन डायऑक्साइडचा एकेक रेणू चढता-उतरताना वाहकतेच्या पायऱ्या दाखवल्या. एकेक रेणू, मामा! याहून संवेदनशील काय असणार?

मामा : कुठल्या हवेत दाखवल्या?

भाची : हवेत नाही. पापुद्रा आधी निर्वातात दीडशे अंशांना तापवून साफ केला होता. मग अतिशय विरळ केलेला वायू सोडला.

मामा : म्हणजे शेजारी दुसरे कुणीच नव्हते. अशा ठिकाणी एकाला ओळखणे म्हणजे काही ओळखणे नाही, बेटा. तो एकटाच आहे. फुंकर मारशील तेव्हा नळीत काय काय येईल ते सांग.

हा प्रश्न तिला नवा नव्हता. तिने कागदावर हिशेब करून दाखवला, आणि तो मी इथे पूर्ण देतो, कारण श्वासाच्या सेन्सरबद्दलच्या बातम्यांत तो क्वचितच असतो. बाहेर पडणारा श्वास साधारण चौतीस अंशांचा आणि बाष्पाने जवळजवळ संपृक्त असतो. त्या तापमानाला हवेत पाणी पाच टक्क्यांच्या थोडे वर मावते. पाच टक्के म्हणजे पाच कोटी पीपीबी. ॲसिटोन ५०० धरला, तर त्याच्या एका रेणूमागे पाण्याचे एक लाख रेणू पापुद्र्यावर येऊन आदळतात. भोवती चार-पाच टक्के कार्बन डायऑक्साइड असतो तो वेगळाच. पापुद्रा जितका संवेदनशील, तितकी त्याची या गर्दीतल्या सगळ्यांशीच सलगी.

भाची : हे आम्हाला ठाऊक आहे, आणि त्यावर काम चालू आहे. २०१३ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे विनायक द्रविड, बंगळुरूचे उमेश वाघमारे आणि सी. एन. आर. राव यांनी सहकाऱ्यांसह मोलिब्डेनम डायसल्फाइडच्या पापुद्र्यांवर नायट्रोजन डायऑक्साइड, अमोनिया आणि आर्द्रता अशा तिन्हींचा अभ्यास केला. आर्द्रता त्यांनी बाजूला ठेवली नाही, ती मोजण्याच्या यादीतच घातली. आणि एकाच थरापेक्षा काही थरांचा पापुद्रा सेन्सर म्हणून बरा, असे दिसले.

मामा : हे मला आवडले. सगळ्यात पातळ तेच सगळ्यात चांगले, असे नाही निघाले.

भाची : नाही निघाले. मग एमएक्सीन आहेत, धातूंच्या कार्बाइडचे पापुद्रे, २०११ मध्ये फिलाडेल्फियात ड्रेक्सेल विद्यापीठात पहिल्यांदा बनवलेले. २०१८ मध्ये टायटेनियम कार्बाइडच्या एमएक्सीनने ॲसिटोन, इथेनॉल, अमोनिया ५० ते १०० पीपीबीपर्यंत टिपले. ते धातूसारखे वाहक असल्यामुळे विजेचा खडखडाट कमी, म्हणून बारीक संकेतही वर उठून दिसतो.

मामा : आणि टिकतात किती?

भाची : ओल लागली की हळूहळू गंजतात. टायटेनियमचा ऑक्साइड होतो.

मामा : ओल लागली की गंजतात आणि तू त्यांच्यावर फुंकर मारणार!

भाची : वर लेप देतात, वापरापूर्वी श्वास कोरडा करणारी नळी बसवतात. अडचण खरी आहे, पण ती कारागिरीची आहे, तत्त्वाची नाही.

मामा : आमच्याकडे माणसाचा जीव कारागिरीवरच असतो. शिफ्टला जाण्याआधी सीओच्या, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडच्या, मॉनिटरला ठाऊक असलेल्या गॅसचा एक झोत द्यायचा. ओरडला तर बरोबर न्यायचा, नाही ओरडला तर टेबलावर ठेवायचा. बंप टेस्ट. काल बरोबर बोलला म्हणून आज बोलेल, असे धरायचेच नाही. आमच्या कारखान्यातली १२ जून २०१४ची गोष्ट तुला आठवत असेल. पंप हाऊस दोन. जिथे पाणी असायचे तिथून ब्लास्ट फर्नेसचा गॅस आला, सहा जण गेले. त्यांत मोठे अधिकारी होते. त्या गॅसमधल्या मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट धरतो, आणि माणसाला गुदमरल्याचे कळतही नाही. म्हणून मी विचारतो, तुझा पापुद्रा महिन्याभराने तोच आकडा देईल का? आणि शेजारचा पापुद्रा तोच आकडा देईल का?

भाची : आज नाही. एकासारखा दुसरा पापुद्रा बनवणे हेच सगळ्यात अवघड आहे. म्हणून आम्ही एका सेन्सरवर भिस्त ठेवत नाही, संच वापरतो. दहा-वीस वेगवेगळे पापुद्रे, प्रत्येकाची आवड-निवड थोडी वेगळी. कुठला रेणू किती, हे कळायची गरजच नाही. सगळ्यांचा मिळून उमटलेला नमुना संगणक ओळखतो. २०१७ मध्ये इस्रायलच्या टेक्निऑनमधल्या होसाम हायिक यांच्या गटाने १,४०४ माणसांच्या श्वासावरून १७ आजार वेगळे केले, ८६ टक्के अचूकतेने. त्यांत सोन्याचे सूक्ष्म कण आणि कार्बनच्या नळ्या होत्या, द्विमितीय पापुद्रे नव्हते, पण कल्पना तीच.

मामा : ८६ टक्के. बरं. हजार माणसे तपास. त्यांत खरोखर आजारी दहा. तुझे यंत्र त्यांतले आठ-नऊ पकडेल. उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकी १४ टक्क्यांनाही आजारी म्हणेल. ते झाले १३९. आठ-नऊ खऱ्यांसाठी १३९ जणांची झोप उडवायची, आणि त्या सगळ्यांना पुन्हा रक्ततपासणीला पाठवायचे. सुई काही चुकली नाही.

भाची : ८६ हा आकडा आजारांच्या जोड्या वेगळ्या करण्याचा आहे, गावात फिरून चाळणी लावण्याचा नाही. तुम्ही त्याला त्याच्या जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवताय.

मामा : मी नाही ठेवत. बातमी ठेवते.

इथे मला मामांच्या बाजूने एक गोष्ट जोडायची आहे. छत्तीसगढमध्ये तीजाला बायका दिवस-रात्र निर्जळ उपास करतात, आपल्याकडे हरतालिकेला करतात तसा. उपासात शरीर चरबीकडे वळते आणि श्वासातला ॲसिटोन वाढतो, मधुमेह असो वा नसो. अमोनियाचेही तसेच. तोंडाने सोडलेल्या श्वासातला बराचसा अमोनिया मूत्रपिंडाकडून आलेला नसतो, तोंडातले जिवाणू तो बनवतात. नाकाने सोडलेल्या श्वासात तो पुष्कळ कमी भरतो. गरियाबंद जिल्ह्यातल्या सुपेबेड्यात मूत्रपिंडाच्या आजाराने वर्षानुवर्षे माणसे दगावत आली आहेत. अशा गावात तोंडातल्या जिवाणूंचा आकडा मूत्रपिंडाच्या नावावर मांडला गेला तर काय होईल? तिथे आज रक्तातले क्रिएटिनिन तपासणेच शहाणपणाचे आहे. भाचीनेही हे लगेच मान्य केले.

मामा : आता जिथे फुंकरीची तपासणी टिकली, ती उदाहरणे बघ. दम्याचा नायट्रिक ऑक्साइड.

भाची : हो. १९९१ मध्ये तो श्वासात सापडला, २००३ मध्ये अमेरिकेत पहिल्या यंत्राला परवानगी मिळाली. प्रौढांत ५० पीपीबीच्या वर गेला तर सूज स्टेरॉइडला दाद देईल, २५च्या खाली असेल तर बहुधा नाही, असे डॉक्टर धरतात.

मामा : पोटातल्या हेलिकोबॅक्टरची तपासणीही फुंकरीचीच ना? खूण घातलेला युरिया पाजायचा, जिवाणूने तो फोडला की खुणेचा कार्बन डायऑक्साइड श्वासात येतो. दोन्हींत एकच वायू, आणि तो कुठून निघाला, कशाने निघाला, ते पायरी-पायरीने ठाऊक. तुझ्या नमुन्यात ती वाट कुठे आहे? संगणकाने ओळखले ते आजाराला, का वॉर्डात पुसलेल्या फिनेलला?

भाची : वाट माहीत नसताना वैद्यकाने कधी काही वापरलेच नाही का? ताप मोजायला लागले तेव्हा ताप का येतो ते कुणाला कळत होते? तरी तापाच्या आलेखावरून टायफॉइड ओळखायचे. आधी नमुना दिसतो, कारण मागाहून सापडते. तुम्ही कारण हातात आल्याशिवाय पाऊलच टाकू देत नाही.

हा तिचा मुद्दा मला सगळ्यात बळकट वाटतो. मामांनी त्याला उत्तर दिले नाही. ते भिलाईच्या हवेवर आले, आणि तिथे ते जे बोलले ते कुठल्याही प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावावे असे आहे.

मामा : कोक ओव्हनमध्ये कोळसा भाजतो. त्या गॅसमध्ये निम्म्याहून अधिक हायड्रोजन, पाव हिस्सा मिथेन, थोडा मोनॉक्साइड, आणि बेंझीन, टोल्युइन, झायलीन. ते आम्ही काढून विकतो, बाय-प्रॉडक्ट प्लांट त्यासाठीच आहे. आता तू सांग, फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी श्वासात कुठली संयुगे शोधतात?

भाची : काही अभ्यासांच्या याद्यांत बेंझीन आणि टोल्युइन आहेत.

मामा : मग कोक ओव्हनच्या बॅटरीवर आठ तास उभ्या असलेल्या माणसाची फुंकर तुझे यंत्र काय म्हणून वाचेल? बिडी ओढणाऱ्याची? पॉवर हाऊस चौकात दिवसभर ऑटो चालवणाऱ्याची? शरीर हे काही बंद टाकी नाही. बाहेरचे आत जाते, चरबीत मुरते, घरी गेल्यावर तासन्‌तास बाहेर येत राहते. मोजायचे असेल तर आधी हवा मोज, मग श्वास मोज, मग वजाबाकी कर. ती वजाबाकीही पुरणार नाही, कारण काल काय हुंगले तेही श्वासात आहे.

भाची : म्हणून स्वच्छ शहरातल्या स्वच्छ स्वयंसेवकांवर शिकवलेले यंत्र इथे चालणार नाही, एवढेच यातून निघते. इथल्या श्वासांवर शिकवावे लागेल. काम सोडून द्या, असे निघत नाही.

मामा : तेवढे मान्य. बरं, आमचा गॅस असतो का श्वासात? कामाला न गेलेल्या माणसाच्या?

भाची : असतो. आणि तो शरीरानेच बनवलेला असतो. तांबडी पेशी मेली की तिच्यातल्या हीमचे कडे फुटते. प्रत्येक कडे फुटताना लोहाचा एक अणू सुटतो, एक हिरवट रंगद्रव्य बनते आणि कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू. तो फुफ्फुसातून बाहेर पडतो. निरोगी माणसात एक-दोन पीपीएम.

मामा : एका पेशीमागे ठरलेला हिशेब?

भाची : एका हीममागे एक. आणि आता सिकल सेल बघा. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते, सिकल सेलच्या रुग्णाची दहा-वीस दिवस. पेशी फुटण्याचा वेग वाढला की मोनॉक्साइडही वाढतो. सिकल सेलच्या मुलांत भोवतालच्या हवेतला वजा करूनही तो चार-पाच पीपीएमच्या आसपास आढळला आहे.

मामा खुर्चीत पुढे सरकले. छत्तीसगढ आणि विदर्भ यांना बांधणाऱ्या गोष्टींत भाषा आहे, जुना मध्य प्रांत आहे, आणि हा आजारही आहे. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये विदर्भातल्या सिकल सेलची नोंद लॅन्सेटमध्ये केली. छत्तीसगढमध्ये तो डोंगरातल्या आदिवासींतच नाही, दुर्ग-रायपूरच्या मैदानातल्या इतर समाजांतही आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. ज्या वायूने भिलाईत माणसे मेली, तोच वायू इथल्या मुलांच्या रक्तात काय चालले आहे ते सांगू शकतो, हे मला या सगळ्या चर्चेतले सर्वांत महत्त्वाचे वाटते.

मामा : म्हणजे फुंकरीवरून सिकल सेल ओळखता येईल?

भाची : नाही, आणि तसे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. आजाराच्या वाहकाच्या पेशी अशा फुटत नाहीत, त्याचा श्वास निरोगी माणसासारखाच. निदान रक्तानेच होणार. पण ज्या मुलाचे निदान झाले आहे, त्याला हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू केले, तर पेशी फुटणे कमी झाले का, हे बघायला फुंकर चालेल. दर वेळी सुई टोचायला नको.

मामा : यासाठी तुझे पापुद्रे लागतात का? चार पीपीएम मोनॉक्साइड मोजायला आमचा इलेक्ट्रोकेमिकल सेल पुरतो.

भाची : खरे सांगू? शुद्ध ग्राफिनवर मोनॉक्साइड नीट बसतच नाही, मोलिब्डेनम डायसल्फाइडवरही नाही. ॲल्युमिनियमचे अणू पेरले तर घट्ट बसेल, असे गणित सांगते. पण फार घट्ट बसला तर उठणार नाही, आणि दुसऱ्या फुंकरीला पापुद्रा मोकळा नसेल.

मामा : मग इथे सेलच वापर. पण एक लक्षात ठेव. आमचा सीओ सेल हायड्रोजनलाही भुलतो. कोक ओव्हनच्या गॅसमध्ये हे आम्हाला सतत सांभाळावे लागायचे. श्वासात हायड्रोजन असतो का?

भाची थोडा वेळ बोलली नाही. असतो. मोठ्या आतड्यातले जिवाणू न पचलेली कर्बोदके आंबवतात, त्यातून हायड्रोजन निघतो आणि रक्तातून फुफ्फुसात येतो. दूध न पचणाऱ्यांची तपासणी यावरच चालते, तिथे वीस पीपीएमची वाढ धरतात. म्हणजे ज्या मुलाने सकाळी लाखोळीचा डाळ-भात खाल्ला, त्याचा हायड्रोजन त्याच्या मोनॉक्साइडच्या कित्येकपट असू शकतो. सेलने त्यातला थोडासा वाटा जरी मोनॉक्साइड म्हणून मोजला, तरी मुलाचे औषध लागू पडत नाही असा निष्कर्ष निघेल. श्वासाच्या चांगल्या यंत्रांत यासाठी हायड्रोजन वजा करण्याची सोय असते. पण ती का लागते, हे मला पोलाद कारखान्यातल्या माणसाकडून कळले, आणि असेच व्हायला हवे.

भाची : मग पापुद्र्यांचे काम इथे आहे, मामा. सेल मोनॉक्साइड मोजेल. शेजारी माझा संच ठेवायचा, तो हायड्रोजन, ओल, बेंझीन हे सगळे बघेल. नमुन्यावरून आजार ओळखायचा नाही, आकड्यात कोण घुसले ते ओळखायचे.

मामा : पहारेकरी.

भाची : हवे तर तसे म्हणा. पण नमुन्यांची नोंद मी ठेवणारच. पाचशे श्वास जमले की त्यात तुमच्या वजाबाकीत न दिसलेले काही दिसते का, ते बघेन.

मामा : बघ. मला नाही वाटत दिसेल. पण रोज सकाळी आधी ठाऊक असलेल्या गॅसचा झोत दोघांनाही, सेलला आणि तुझ्या संचाला. प्रत्येक मुलाच्या फुंकरीआधी त्या खोलीची हवा. मुलाने काय खाल्ले आणि घरात चूल आहे का शेगडी, ते लिहून घ्यायचे. बाप बिडी ओढतो का, तेही.

भाची : आणि ज्या दिवशी कारखान्याकडून वारा असेल, त्या दिवशीचे नमुने बाद करू?

मामा : अजिबात नाही. ते सगळ्यात आधी जपून ठेवायचे. वाऱ्याची दिशा लिहून ठेव, वेळ लिहून ठेव, आणि ते नमुने वेगळ्या रकान्यात घाल. या गावातली मुले त्या दिवशीही श्वास घेतातच.